दादाचं अर्धं गाणं आणि दोन पेडलं

दादा गेला तो मंगळवार होता. तो अकोल्यात होता, मी अमरावतीत. वहिनींचा फोन आला. मी ग्रंथालयाच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि एसटीत बसलो. मूर्तिजापूर गेल्यावर पुन्हा फोन आला. तो मी घेतला. त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अकोला येईपर्यंत बसून राहिलो.

मागे राहिलं ते एक गाणं, आणि तेही अर्धं.

दादा पाटबंधारे खात्यात कारकून होता, पण ती त्याची नोकरी होती. तो खरा होता ऑर्केस्ट्रात, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांमुळे त्याला जेवायलाही उसंत नसे. बाकी वर्षभर लग्नं, वाढदिवस आणि एकदा ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःची एक धून बांधली. शब्द नाहीत, नुसती गिटार. स्वयंपाकघराच्या बाहेर खुर्ची टाकून ती फोनवर रेकॉर्ड केली आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. ती ऐकून चांदूर रेल्वेच्या आत्याने मला फोन केला.

"काहून रे, त्याले मधातच आठवत नाही काय? डॉक्टरले दाखवलं का नाही?"

आत्याची शंका रास्त होती. धून अशी होती: दोन सूर, मग शांतता. पुन्हा दोन सूर, पुन्हा शांतता. एखादा माणूस दारापर्यंत येतो, आपण काय आणायला आलो होतो हे विसरतो आणि परत जातो, तसं. मीही दादाला हळूच विचारलं.

"अबे, तू अर्धंच ऐकून राहिला," दादा म्हणाला. "बाकीचं मशीन म्हणते."

"कोणतं मशीन?"

"जे अजून घेतलं नाही."

ते मशीन म्हणजे डिलेचं पेडल. गिटारवाले पायाजवळ लहान लहान डब्या ठेवतात आणि बुटाने दाबतात. एक डबी आवाज फाटका करते, एक पाण्यात बुडवल्यासारखा करते. डिलेची डबी आपण वाजवलेलं थोड्या वेळाने परत म्हणून दाखवते, एकदा, दोनदा, तीनदा, आपण सांगू तेवढ्या वेळा. दादाने धुनेत मुद्दाम जागा सोडल्या होत्या. त्या जागांमध्ये पेडल बोलणार होतं. अजून न आलेल्या पाहुण्यासाठी ताट वाढून ठेवावं, तशी ही धून त्याने बांधली होती.

पाहुणा आला नाही, कारण दादाची निवड होईना. कपाटाच्या जुन्या दाराची फळी कापून त्यावर त्याने आपली पेडलं ओळीने बसवली होती. डिलेची जागा रिकामी होती. तिथे तो चहाचा कप ठेवायचा. कपाचं तपकिरी वर्तुळ लाकडात उमटलं होतं. शेवटच्या फेरीत दोन पेडलं उरली होती, एक निळं आणि एक तपकिरी. वर्षभर दर रविवारी तो मला फोन करून आपलं मत सांगायचा आणि दर रविवारी ते आदल्या रविवारच्या उलट असायचं. तो गेला तेव्हा पाळी निळ्याची होती. पण पुढच्या रविवारपर्यंत तो थांबला असता तर काय, हे मी सांगू शकत नाही.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतलं. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. अजूनही समोरचा माणूस चौथीत आहे असं धरूनच बोलतात.

"भाऊजी, लोक म्हनतात का त्याईले शेवटी शेवटी आठवत नव्हतं. तुमची आत्या तं साऱ्या चांदूरले सांगून राहिली. त्याईले बारक्या बारक्या गोष्टीचीबी आठवन राहत होती. बुद्धवंदना झाली का हे गानं वाजलं पाह्यजे. पुरं. तुमी वाचनारे मानूस आहा, ते मशीन आना."

त्या वर्षभरात वहिनींनी मला दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

मी वाचायला लागलो. मला गिटार येत नाही, संगीतही येत नाही. शाळेत मला समूहगानात ओठ हलवायला सांगितलं होतं. पण वाचता येतं. पेडलांविषयी जगभर लोकांनी इतकं लिहून ठेवलं आहे की मी थक्क झालो. एकाने तपकिरी पेडलचा आवाज गडद आणि जरासा मळका आहे अशी त्याची स्तुती केली होती. आमच्याकडे या शब्दांत कापसाची प्रत सांगतात, आणि ती स्तुती नसते. दुसऱ्याला निळं फार स्वच्छ वाटत होतं आणि त्याबद्दल तो निळ्यावर रागावला होता. तिसरा लिहीत होता की तपकिरी घेतल्यापासून त्याचं कुटुंब त्याच्याशी बोलत नाही, तरी त्याला पश्चात्ताप नाही. आठवडाभर वाचून मला एवढं कळलं, की निळं जे ऐकेल ते जसंच्या तसं परत म्हणतं. तपकिरी दर वेळी थोडं विसरत, थोडं घोगरं होत म्हणतं. यातलं बरं कोणतं, हे ज्याला माहीत असायला हवं होतं तो फोन घेत नव्हता.

अमरावतीत ज्या दुकानात पेडलं मिळाली तिथे मुख्य माल हार्मोनियम, ढोलक्या आणि टाळ यांचा. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे केस, कापडी पिशवी, चष्म्याला दोरी.

"भजनी मंडळासाठी काय, काका?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. मला ती थोडक्यात सांगता आली नाही. ऐकून झाल्यावर त्याने निळं आणि तपकिरी, दोन्ही पिशवीत घातली.

"दोन्ही घेऊन जा. घरी वहिनींले दाखवा. आवडन ते ठेवा, राह्यलेलं परत आना. साडीसारखं."

साड्या अशा घरी नेल्याचं मला आठवत होतं. आई चार साड्या पलंगावर पसरून दोन दिवस त्यांच्याकडे नुसती बघत बसे. पण साडीला निदान पदर असतो.

एसटीत मांडीवर दोन्ही खोकी घेऊन बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी मूर्तिजापूरपर्यंत धीर धरला.

"बीपीचं मशीन हाय काय?"

"नाही."

"शुगरचं?"

"नाही. आवाज परत म्हणतं."

त्यांनी विचार केला. "माह्या घरी हाय तसं एक," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

अकोल्यात दादाचा मित्र आहे. ऑर्केस्ट्रात तो कीबोर्ड वाजवतो आणि एरवी मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर भाड्याने देतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, वहिनीसुद्धा. माझ्या हातात कधी काळी पुस्तक पाहिल्यापासून तो मला प्रोफेसर म्हणतो. मी ग्रंथपाल आहे हे त्याला पटवणं मी सोडून दिलं आहे. परीक्षा त्याच्या गोदामात घ्यायची ठरली. माणसापेक्षा उंच स्पीकर, रचलेल्या लाल खुर्च्या, गुंडाळलेली झालर, आणि मधोमध दादाची गिटार, फळीसकट. वहिनींनी एक खुर्ची पुसली आणि पर्यवेक्षकासारख्या बसल्या.

भाऊने निळं पेडल जोडलं, गिटार गळ्यात घातली आणि सगळ्यात जाड तार ओढली.

ढंऽग. ढंग. ढंग. ढंग.

"वा!" भाऊ म्हणाला. "पाह्यलं, प्रोफेसर? कसं जाऊन राहिलं ते! पार डाबकी रोडपर्यंत."

मग तपकिरी जोडलं. ढंऽग. ढंग. ढंग. ढंग.

"हे तं त्याच्याहून भारी. याच्यात वजन हाय."

मी डोळे मिटून ऐकत होतो. मलाही फरक जाणवला. तपकिरी आवाज उबदार होता, काठाला जरा झिजलेला. मी वाचलेलं सगळं मला ऐकू येत होतं. तसं मी बोललोही, आणि बरंच बोललो. भाऊ मान डोलवत होता. आम्ही पुन्हा निळं लावलं, पुन्हा तपकिरी. वाद झाला. भाऊच्या मते निळ्यात चमक होती पण माया नव्हती. माझ्या मते धुनेच्या स्वभावाला तपकिरी जवळचं होतं. चहा आला, तो पिऊन पुन्हा वाद झाला. आम्ही दोघं मोठ्या समाधानाने तपकिरीवर एकमत करत होतो, तेवढ्यात वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या,

"ह्या डबीचा लाइट काहून नाही लागला?"

"लाइटीचं काई नसते वो, वहिनी."

"खोक्यावरच्या फोटोत लागेल हाय."

भाऊ वायरीच्या मागे मागे गेला. वायर एका बोर्डात गेली होती आणि बोर्डाचं बटण बंद होतं. सकाळपासून बंद होतं. दोन्ही पेडलं इतका वेळ नुसती मेलेली पडली होती. आत आलेला आवाज ती तशीच पुढे सोडत होती, दाराला कडी नसलेल्या घरासारखी.

"मंग वाजत काय होतं?" वहिनींनी विचारलं.

भाऊने मिक्सरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मिक्सर म्हणजे ज्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात तो खटक्यांचा पाट. त्यावर एक बटण असतं, ज्याला आमच्याकडे एको म्हणतात. भाऊने ते बटण कित्येक वर्षांपूर्वी शेवटपर्यंत पिळून त्यावर चिकटपट्टी मारली होती. पट्टीवर धूळ बसून ती मिक्सरच्याच रंगाची झाली होती. अख्ख्या जिल्ह्यात एकोशिवाय माईकवर कोणी बोलतच नाही. पुढारी बोलत नाहीत, आहेराची नावं वाचणारा नवरीचा मामा बोलत नाही, हरवलेल्या पोराचं नाव पुकारणारा तर मुळीच नाही. भाऊ सांगत होता की एकदा एकाने एको बंद करायला लावला, तर लोकांना वाटलं लाऊडस्पीकर बिघडला, आणि त्यांनी भाडं अर्धं केलं.

"काढा ते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, एको काढला तं आवाज उघडा पडते."

"पडू द्या."

त्याने पट्टी सोलली, बटण मागे फिरवलं आणि माईकवर "हॅलो" म्हणाला. एवढासा हॅलो आला. खुर्च्यांमागे कुठेतरी जाऊन पडला आणि उठला नाही. भाऊने माईकवर टिचकी मारून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माहा आवाज असा हाय काय, प्रोफेसर?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. सकाळी उबदारपणाबद्दल मी जे बोललो होतो, ते आठवत होतो.

आता पेडलांना वीज मिळाली, दिवे लागले. पण नवीनच अडचण आली. धून वाजवायची कोणी? भाऊला सूर माहीत होते. पण तो मिरवणुकीतला माणूस. जागा रिकामी दिसली की त्याची बोटं तिथे काहीतरी भरतात. दादाने जिथे गप्प बसायचं सांगितलं तिथे भाऊ दोन सूर स्वतःचे घालायचा, वर पेडल चार घालायचं, आणि गोदामात वरात शिरल्यासारखं व्हायचं.

"भाऊ, थांबा ना तिथं."

"थांबूनच राहिलो, वहिनी."

"हात कुठं थांबला?"

"हाताले समजत नाही."

तीन-चार वेळा असं झाल्यावर वहिनींनी पर्समधून फोन काढला. "त्याईलेच वाजवू द्या ना," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि इतकं साधं मला सुचलं नाही याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. रेकॉर्डिंग तर होतंच, सगळ्यांच्या फोनमध्ये पडून होतं. भाऊने एक वायर शोधली, एक टोक फोनला आणि दुसरं पेडलला लावलं. गिटारच्या जागी फोन.

आधी निळं. दादाने दोन सूर वाजवले आणि थांबला. पेडलने ते सूर परत म्हटले, पण लवकर, दादाच्या बोलण्यात तोंड घालत. पेडलवर एक बटण वेळेचं असतं. भाऊ गुडघे टेकून ते इतकं हळू फिरवत होता, जणू खाली गॅस पेटलेला आहे. परत म्हटलेले सूर मागे सरकू लागले. मग एका जागी ते बरोबर शांततेत जाऊन बसले. दोन सूर दादाचे, दोन पेडलचे, आणि पेडलचे विरायच्या आत दादाचे पुढचे दोन. कुठे शिवण दिसेना. ती एक चालती धून होती, थोडीशी लाडिक, तिला ठेका होता, आणि तिच्यात विसरल्यासारखं काहीही नव्हतं. तिन्ही कडवी तो त्या न आलेल्या पेडलसाठी मोजून थांबला होता. भाऊ तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

"लेकानं डोक्यात वाजवलं होतं हे सारं," तो म्हणाला.

 दुसऱ्या कडव्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये वहिनी स्वतः येतात. हे आम्ही विसरलो होतो. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येतो: "अवो, पोया थंड्या होऊन राह्यल्या!" आणि दादा, हात न थांबवता, म्हणतो: "आलो."

पेडलला आपलं-परकं कळत नाही. ते म्हणालं, पोया थंड्या होऊन राह्यल्या, थंड्या होऊन राह्यल्या, होऊन राह्यल्या.

"बाप्पा," वहिनी म्हणाल्या. "मी एवढी वरडत होती काय?"

"याच्याहून जास्त," भाऊ म्हणाला. "आमाले गल्लीत ऐकू ये."

त्यात दादाचं "आलो" हरवलं. वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. निळ्या पेडलने ते म्हटलं: आलो. आलो. आलो. प्रत्येक आलो पहिल्याइतकंच स्वच्छ, ताजं. वाटलं, माणूस खरंच उठला, चपला घालून इकडे निघाला. मी चक्क गोदामाच्या दाराकडे पाहिलं. भाऊनेही पाहिलं.

"दुसरं लावा," वहिनी म्हणाल्या.

तपकिरी लावलं, वेळ जुळवली. आलो, दादा म्हणाला. आलो, पेडल म्हणालं, जरा लांबून. मग आणखी एक आलो, घोगरं, मनातल्या मनात म्हटल्यासारखं. मग नुसता घशातला हुंकार.

ज्याने दादाला जेवायला बोलावलं आहे त्याला हे माहीत आहे. पहिलं आलो मोठ्याने, दुसरं गिटारकडे बघत, तिसरं गिटारलाच. चाळीस वर्षं वहिनी ते ऐकत होत्या.

"हे ठेवा," त्या म्हणाल्या. "निळं म्हन्ते आलो, अन् खरंच येऊन राह्यले असं वाटते. ते नाही सोसनार मले. हे म्हन्ते आलो, पन येत नाही. त्याईचं असंच होतं."

मग डोळे पुसले आणि भाऊला सांगितलं, "ते पोयाचं कापून टाका मधातून."

भाऊने प्रयत्न केला. पण पोळ्या कापल्या की त्यांच्याखालचे सूरही कापले जात होते आणि धून पुन्हा विसरभोळी होत होती. शेवटी वहिनी म्हणाल्या, राहू द्या.

स्मृतिदिनाला घरापुढे मंडप होता. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले. भाऊने भाषणांसाठी एको परत लावला होता, कारण व्यवसाय आहे. धुनेच्या वेळी मात्र त्याने तो शून्यावर आणला आणि बटणावर अंगठा ठेवून उभा राहिला. दादाची गिटार खुर्चीवर उभी होती. फळीवर तपकिरी पेडलचा दिवा लागला होता. धून सुरू झाली. पहिल्या कडव्याला लोक खुर्च्यांमध्ये जरा पुढे सरकले. आत्या पहिल्या रांगेत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पेडलकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

दुसरं कडवं संपलं आणि भाऊच्या माणसापेक्षा उंच स्पीकरमधून वहिनी कडाडल्या: पोया थंड्या होऊन राह्यल्या, थंड्या होऊन राह्यल्या!

मागच्या चार रांगा उठल्या. जेवणाचीच वेळ होती, ताटं बाजूला मांडलेली होती, आणि या घरात ही हाक आली की उठायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीपाजारी, खात्यातले लोक, मोर्शीचे पाहुणे रांगेत जाऊन उभे राहिले. वहिनी पदर सावरत ओरडत होत्या, "अवो, बसा बसा, ते मशीन हाय!" आणि कोणी बसत नव्हतं. या गोंधळात दादा म्हणाला, आलो. आलो. आलो. आणि तिसरं कडवं वाजवायला लागला.

ते शेवटपर्यंत नीट ऐकलं आत्याने. धून संपल्यावर ती उठली, वहिनींकडे गेली आणि म्हणाली, "सारं पाठ होतं वं त्याले."

"मंग?" वहिनी म्हणाल्या.

आत्याने नंतर चांदूरमध्ये काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला तिचा तसा फोन पुन्हा आला नाही.

निळं पेडल मी दुकानात परत केलं. भाऊच्या मिक्सरवर नवीन चिकटपट्टी आहे. गिटार अकोल्याला वहिनींकडे आहे, खुर्चीवर. फळीवर तपकिरी पेडल बसवलं आहे. ते कपापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे कपाचं वर्तुळ त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसतं.